कंबर ट्वेंटी-सिक्स

थिएटरातून कुणाला काढणार आहेत, हे सगळ्यांत आधी शिवणाऱ्या बाईला कळतं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना नंतर, आणि जिला काढायचं तिला सगळ्यांत शेवटी. कारण साधं आहे. नवीन बाई येणार म्हणजे तिला कपडे लागणार, आणि कपडे काही एका दिवसात होत नाहीत. म्हणून माणसाआधी त्याची मापं येतात.

हे मला ग्लेनिसने सांगितलं होतं. त्यानंतर दोनच दिवसांनी तिच्या जागी येणाऱ्या बाईची मापं माझ्या हातात होती.

मी रबिया. माहेर रत्नागिरीचं, मिरकरवाड्याचं. दोह्यात सोळा वर्षं झाली, त्यातली सहा एका मोठ्या हॉटेलच्या थिएटरात गेली. काम वॉर्डरोबचं. म्हणजे खेळातले कपडे शिवायचे, उसवायचे, धुवायचे, आणि खेळ चालू असताना विंगेत अंधारात उभं राहून गाणाऱ्यांच्या अंगावरून काढायचे नि चढवायचे. पाटीवर माझ्या हुद्द्याचं नाव मोठं आहे. काम मात्र न्हाणीघरात पोरांचे कपडे बदलतात तेच, फक्त पोरं साठ वर्षांची.

आमचा खेळ ‘समुद्रराणी’. पोराटोरांना घेऊन बघायचा, गाण्यांचा, झगमगाटाचा. त्यातली राणी ग्लेनिस. वय अठ्ठावन्न, इंग्लंडची. राणीचा गाऊन साडेसहा किलोचा, वर काचेचे मणी. आत कॉर्सेट, त्याच्या नाड्या मागून मी आवळायच्या. पहिलं वर्षभर मी त्या बाईवर जळत होते, हे सरळ सांगते. या देशात पगार ठरवताना आधी पासपोर्ट बघतात आणि मग माणूस. तिला अल सद्दला कंपनीचा फ्लॅट, यायला-जायला गाडी. मी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या दोन खोल्यांतून बस बदलत यायची आणि तिचे घामाने भिजलेले मोजे धुवायची. राग येणार नाही तर काय होणार.

पण रोज एखादीच्या कंबरेच्या नाड्या आवळायला लागलं की राग फार दिवस टिकत नाही. तिचे दोन्ही गुडघे पट्ट्यांत बांधलेले. उजव्या पायाचा अंगठा कायमचा वाकडा. खेळाआधी ती बेसिनपाशी उभी राहून गरम पाण्याची वाफ घशात घ्यायची, तेव्हा तिचा श्वास मला ऐकू यायचा, जुन्या शिवणमशीनच्या पायडलसारखा. नाडी ओढताना मी म्हणायची, श्वास सोडा मॅडम. ती म्हणायची, सोडला तर परत घेता येईल का ते माहीत नाही, लव्ह. लव्ह ती सगळ्यांनाच म्हणते, लिफ्टवाल्यालासुद्धा.

तिचं सगळं आयुष्य मी असं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, पाठीमागे उभी राहून. बाप फ्लीटवूडच्या बंदरावर मासेमारीच्या बोटीवर. सतराव्या वर्षी ती समुद्रकाठच्या एका थिएटरात मागच्या रांगेत नाचायला लागली. बाविसाव्या वर्षी लंडनला गेली आणि तिथे ‘स्विंग’ झाली. स्विंग म्हणजे काय, तर कोरसमधल्या चौदा मुलींची चौदा कामं पाठ करून रोज थिएटरात हजर राहायचं. जी आजारी पडेल तिच्या जागी त्या दिवशी उभं राहायचं. कोणीच आजारी पडलं नाही तर जिन्यात बसून स्वेटर विणायचा. अशी अकरा वर्षं. मी विचारलं, तुमचं स्वतःचं काम कुठलं मग? ती म्हणाली, तेच. दुसरीचं.

पुढे एका मोठ्या गायिकेची बदली म्हणून तिला ठेवली. अडीच वर्षांत ती बाई सात वेळा आजारी पडली. सातही वेळा प्रेक्षकांच्या हातातल्या पुस्तिकेत एक चिठ्ठी घातली होती, की आज अमुकच्या ऐवजी ग्लेनिस टॅटरसॉल. चिठ्ठी वाचून लोक हाय करून उसासा टाकायचे, आणि तो पडद्याआड तिला ऐकू यायचा. त्या उसाशावर तिने सात वेळा गायलं. सातही चिठ्ठ्या तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात. पावडर, पिना आणि त्या चिठ्ठ्या.

नवरा एक झाला, तो वाजवणारा होता, दुसऱ्या गावाच्या खेळाबरोबर गेला तो गेलाच. चाळिशीनंतर तिला आयांची कामं मिळायला लागली, पन्नाशीनंतर चेटकिणींची. मग जहाजावर, मग दुबईला, मग इथे. आमची राणी ही तिच्या आयुष्यातली पहिली अशी भूमिका, जिचा गाऊन मुळापासून तिच्या मापाने कापलेला. मीच कापला. आत तिच्या नावाची पट्टी लावली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. कारण आजवर तिने घातलेल्या प्रत्येक कपड्यात आधी दुसरीच्या नावाची पट्टी असायची आणि तिच्यावर हिची शिवलेली.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी आम्ही तिला अल रुवैसच्या बंदरावर नेलं. शुक्रवारी खेळ संध्याकाळी असतो, सकाळ मोकळी. मजीद, माझा नवरा, एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर आहे. त्याला जुम्याची नमाज तिकडच्या मशिदीत पढायची होती आणि ग्लेनिसला बंदर बघायचं होतं. तो मशिदीत गेला. आम्ही दोघी धक्क्यावर बोटींच्या सावलीत बसलो. जाळ्यांचा वास आला. तिला तिचा धक्का आठवला असेल, मला माझा.

तिथे तिने मला कॉलेजचं सांगितलं. इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात मुलांना गाणं-नाटक शिकवायचं कॉलेज आहे. त्यांनी तिला बोलावलंय. पक्की नोकरी, राहायला एक खोली. हो की नाही ते येत्या गुरुवारी तिकडच्या पाचपर्यंत कळवायचं, म्हणजे आपल्याकडे सात. त्यानंतर ते दुसऱ्या कोणाला घेणार.

मी म्हटलं, मग हो म्हणा की.

ती म्हणाली की आमच्या मॅनेजरने, गुरुप्रसादने, पुढचा सीझन तिचाच असं सांगितलंय, कागद फक्त यायचाय. शिकवायला काय, मेल्यावरही शिकवता येईल. राणी परत मिळायची नाही. म्हणून ती ‘नाही’ असं कळवणार होती. तिच्या तोंडावर मी असा उजेड आधी पाहिला नव्हता.

मग तिने ब्रेंडाची गोष्ट सांगितली. लंडनला असताना एका सोमवारी हिला मापं द्यायला बोलावलं. ब्रेंडा नावाच्या बाईची भूमिका हिला मिळणार होती आणि ब्रेंडाला अजून पत्ता नव्हता, ती रोज गातच होती. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. ब्रेंडाने विचारलं, तू इकडे कशी? ही म्हणाली, बाही फाटलीय, दुरुस्तीला आलेय.

“वॉर्डरोबला आधी कळतं, रबी,” ती म्हणाली. “त्या दिवशी तिथल्या शिवणाऱ्या बाईने माझ्याकडे वर बघितलंच नाही. टेप धरून खाली मान घालून उभी होती.”

मजीद आला, आम्ही हामूर मासा तळून घेतला, खाल्ला, परत निघालो. गाडीत ती झोपली. तोंड उघडं टाकून, म्हाताऱ्या माणसासारखी.

रविवारी खेळ नसतो. विग धुऊन आले होते, ते बसवून बघत होतो. ग्लेनिस आरशासमोर खुर्चीत, केसांवर जाळीची टोपी, डोळे मिटलेले. तेवढ्यात गुरुप्रसाद आला.

गुरुप्रसाद आमचा कंपनी मॅनेजर. पुण्याचा. बायको नीता, मुलगा अनय. वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. दिवाळीला माझ्याकडे चकल्या येतात, ईदला त्याच्याकडे बिर्याणी जाते. मला तो रबियाताई म्हणतो. सगळ्या थिएटरात मराठी बोलणारी आम्ही दोघंच, म्हणून त्याला माझ्याजवळ मन मोकळं करता येतं. निदान तो असं म्हणतो. खरं सांगायचं तर चारचौघांत गुपित बोलायला त्याला एक भाषा मिळाली होती, आणि ती माझी होती.

“रबियाताई, हे आपल्यातच ठेवा हं,” तो हसत हसत म्हणाला, विगकडे बघत, जणू विगचंच बोलतोय. “एक तारखेपासून नवी राणी येतेय. मापं आलीत. बस्ट थर्टी-फोर, वेस्ट ट्वेंटी-सिक्स, हाइट फाइव्ह-सेव्हन. तोच गाऊन लहान करायचा, नवा नाही शिवायचा. यांना मी महिनाअखेर सांगेन. आत्ता सांगितलं तर मधेच सोडून जातील, आणि मग खेळ कोण करणार?”

मी म्हटलं, पण तिला तुम्ही पुढचा सीझन...

“ते बोलायला बोललो. वरून आलंय ते, माझ्या हातात काय आहे? तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल जूनमध्ये आहे ना? त्याचं मी बघतोय. आपल्या माणसाचं बघायला लागतंच.” आणि ग्लेनिसच्या खांद्यावर हात ठेवून इंग्लिशमध्ये तिला म्हणाला, विग फारच छान दिसतोय.

तो गेला. ग्लेनिसने डोळे उघडले आणि आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, काय म्हणत होता?

“काही नाही, मॅडम. लाँड्रीचं.”

“हं,” ती म्हणाली. “लाँड्री.”

बाही फाटलीय, लाँड्रीचं. एकूण एकच.

घरी आल्यावर मी मजीदला सांगितलं. तो टीव्ही बघत होता, त्याने आवाज बारीक केला, म्हणजे ऐकत होता. “तू कशाला मदी पडतंस?” तो म्हणाला. “ती गोरी हाय. ती खंय पन जाईल, तिला कोनपन ठेवील. आपल्याला कोन ठेवनार? जिक्राची धावी हाय.”

जिक्रा आमची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्येच देते. टेबलावर वही उघडी ठेवून मान वर न करता ती म्हणाली, “जस्ट टेल हर, अम्मी.” बापाने तिला अभ्यास करायला सांगितलं. मी भांडी घासायला गेले. पंधरा वर्षांच्या पोरीला जे तीन शब्दांत दिसतं, त्याला आम्हा मोठ्यांना चार दिवस लागतात, आणि वर आम्ही त्याला संसार म्हणतो.

मंगळवारी खेळाआधी गुरुप्रसाद डोकावून गेला. सुरुवात केली का, ताई? मी म्हटलं, गाऊन रोज अंगावर जातोय, रोज कसा कापू? वरवर कच्चे टाके घालून खूण करून ठेवते, महिनाअखेर मशीन मारते. तो म्हणाला, तुम्ही हुशार आहात. खरं म्हणजे कात्री लावायला माझा हात उठत नव्हता. मूळ शिवतानाच मी शिवणीच्या आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती. ग्लेनिस वाढेल म्हणून ठेवली होती, दुसरी कोणी येईल म्हणून नाही.

त्या संध्याकाळी नाड्या आवळताना ग्लेनिस आरशात बघत म्हणाली, गुरुवारी सातपर्यंत वेळ आहे, नाही का?

मी हो म्हटलं.

“तुला काय वाटतं, रबी? काय कळवू?”

माझ्या हातात नाडी होती. एवढंच म्हणायचं होतं, की हो कळवा. कारणसुद्धा सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, तुमचं तुम्हाला कळतं, मॅडम.

बुधवारी तिने परत विचारलं. जरा वेगळं. म्हणाली, गुरुप्रसाद भला माणूस आहे ना? तुमच्याच गावाकडचा ना तो? मी म्हटलं, गावाकडचा नाही, भाषेचा. तिने विचारलं, तो शब्द देतो तसा वागतो का? मी म्हटलं, माझ्याशी तर वागतो. हे खोटंसुद्धा नव्हतं. खोटं बोलायला निदान थोडी हिंमत लागते.

त्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालताना मला माझाच कंटाळा आला. भीतीचा नाही, कंटाळाच. सोळा वर्षं या देशात मी खाली मान घालून काढली. चूक नसताना सॉरी म्हटलं, सुट्टी कापली तरी शुक्रन म्हणत आभार मानले. सगळं जिक्रासाठी, घरासाठी, असं स्वतःला सांगितलं. पण ग्लेनिसच्या त्या गोष्टीतली बाई, टेप धरून वर न बघणारी, ती कोणासाठी मान खाली घालून उभी होती? तिचीही पोर शाळेत असेल. ग्लेनिसला तिचं नाव आठवत नव्हतं. मान खाली घालणाऱ्यांचं नाव कोण लक्षात ठेवतं.

गुरुवार. शाळांना सुट्टी होती म्हणून खेळ सहालाच सुरू झाला.

पहिल्या अंकाच्या शेवटी ग्लेनिसचा झटपट बदल असतो. म्हातारी कोळीण बनून ती आत येते आणि चाळीस सेकंदांत राणी होऊन बाहेर जाते. चाळीस सेकंदांत शाल, पोलकं, घागरा उतरवायचा, गाऊन चढवायचा, अकरा हूक लावायचे, मुकुट ठेवायचा. विंगेत काळोख. मी छोटी टॉर्च दातांत धरते, कारण दोन्ही हात लागतात. म्हणून त्या चाळीस सेकंदांत आम्ही कधी बोलत नाही. माझ्या तोंडात उजेड असतो आणि तिच्या तोंडात पुढचं गाणं.

आत येताना तिने मला विंगेतलं घड्याळ दाखवलं. नुसतं बोट केलं. सहा त्रेपन्न.

गाऊन चढवला. तीन हूक लावले. चौथ्याला मी टॉर्च तोंडातून काढली. काळोख झाला.

“मॅडम, एक तारखेला नवी राणी येतेय. तुम्हाला काढतायत. कॉलेजला नाही म्हणू नका. सात मिनिटं आहेत. फोन माझ्या टोपलीत आहे, मी आणून देते, गाण्याच्या आधी पाठवा.”

माझं मोडकंतोडकं इंग्लिश, तेही कुजबुजत. बाहेर बँड वाजत होता.

“हूक लाव,” ती म्हणाली.

मी अंदाजाने लावले. दोन चुकीच्या ठिकाणी बसले. ती मान न वळवता म्हणाली, “मला माहितीय, लव्ह. ट्वेंटी-सिक्स. रविवारपासून माहितीय.”

आणि उजेडात गेली.

ते गाणं मी सहाशे वेळा तरी ऐकलं असेल. त्या दिवशी तिने ते चांगलं गायलं की वाईट, मला सांगता येणार नाही. मी कपड्यांच्या टोपलीवर बसले होते, तिची शाल मांडीवर होती, आणि डोक्यात एकच आकडा. आम्ही दोघं तिच्या तोंडावर मराठी बोलत होतो, असं आम्हाला वाटत होतं. पण मापं मराठीत सांगतो कोण? मी शिवण शिकले तेव्हापासून इंच इंग्लिशमध्येच मोजतेय. गुरुप्रसाद तर भाजीचा भावसुद्धा इंग्लिशमध्ये सांगतो. पस्तीस-चाळीस वर्षं मापं देत आलेल्या बाईसमोर बस्ट थर्टी-फोर, वेस्ट ट्वेंटी-सिक्स म्हणायचं आणि वर म्हणायचं, आपल्यातच ठेवा.

मध्यंतरात ती खुर्चीत बसली. मी हूक परत लावत होते.

“कॉलेजला?” मी विचारलं.

“रविवारी दुपारीच हो कळवलं. इथून गाडीत बसल्या बसल्या.”

मला हायसं वाटायला हवं होतं. मला भयंकर राग आला. “मग चार दिवस मला का पिळलंत? रोज विचारत होतात. मंगळवारी, काल.”

ती आरशात माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राणीचा निळा रंग, घामाने ओघळलेला. “बघायचं होतं,” ती म्हणाली. “वाईट केलं मी. पण बघायचं होतं कोणी सांगतं का.” थोड्या वेळाने म्हणाली, “मी ब्रेंडाला सांगितलं नव्हतं. तू सात मिनिटं ठेवून सांगितलंस. तेवढंही मला कोणी...” मग तिने गरम पाण्याचा कप मागितला.

मी तिला म्हटलं, उद्यापासून येऊ नका. बसू दे बोंबलत. शनिवारचे दोन खेळ रिकामे जाऊ देत. ती म्हणाली, तिने आयुष्यात एकही खेळ बुडवलेला नाही, दुसऱ्यांच्या बुडलेल्यांवरच तर ती जगली. आणि हेच या लोकांना पक्कं ठाऊक असतं. आपण काम टाकून जाणार नाही, यावर यांचे सगळे डाव उभे. तिचा आणि माझा पासपोर्ट वेगळा, पगार वेगळा, पण इथे आम्ही दोघी एकाच टोपलीतल्या.

शनिवारी तिने स्वतःच राजीनाम्याचं पत्र दिलं. तीस एप्रिलपर्यंत सगळे खेळ करीन, पुढे नाही. गुरुप्रसाद तडक वॉर्डरोबमध्ये आला. दार लावून घेतलं.

“ताई, तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मी आपलं माणूस म्हणून तुम्हाला...”

“पण उशिरा सांगितलं. माझ्या आधी तुम्हीच सांगितलं होतंत. रविवारी, विग बसवताना.”

तो म्हणाला, शक्य नाही, आपण तर मराठीत बोलत होतो.

“ट्वेंटी-सिक्स हे मराठी आहे?”

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो शिवणाच्या स्टुलावर बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. टक्कल पडलेलं डोकं दोन्ही हातांनी चोळलं आणि म्हणाला की त्यालाही वरून मेलच आला होता, त्याच्याही वरचा कोणी तरी कोणाच्या तरी हाताखाली आहे, आणि अनयची फी वर्षाला किती होते ते मला माहीत नाही. मी म्हटलं, मला जिक्राची माहितीय. तो उठला. दारात म्हणाला, तुमचं जूनचं बघू.

‘बघतोय’चं ‘बघू’ झालं. तेवढा फरक मला कळतो.

तीस तारखेचा खेळ झाल्यावर त्यांनी तिला केक दिला. वर तिचं नाव चुकीचं लिहिलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गुरुप्रसादने भाषण केलं, तू आमच्या कुटुंबातली आहेस वगैरे. ती हसली, लव्ह लव्ह म्हणत सगळ्यांना भेटली. मग वर आली, गाऊन उतरवला, आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. तिला काय हवंय ते मला कळलं. मी ब्लेडने पट्टीचे चार टाके कापले. तिने पट्टी बिस्किटांच्या डब्यात टाकली, त्या सात चिठ्ठ्यांच्या वर, आणि झाकण लावायला तिला दोनदा दाबावं लागलं. डबा जुना होता. दुसऱ्या दिवशी मजीदनेच तिला विमानतळावर सोडलं. ती गोरी हाय, कोनपन ठेवील, असं म्हणाला होता ना, तोच. परत आला तेव्हा म्हणाला, बॅग उचलताना बाईला धाप लागत होती.

नवी राणी आली. टॅम्सिन नाव, वय एकोणतीस, तीही तिकडचीच. हसरी, घाबरलेली. ट्वेंटी-सिक्सवर मशीन मारलेला गाऊन मी तिच्या अंगावर चढवला तर मागचे हूक येईनात. टेप लावला. ट्वेंटी-एट अँड हाफ. कागदावर मापं नेहमी दोन इंच खोटी असतात, सगळ्याच जणी तसं लिहितात, न लिहिलं तर बोलावत नाहीत. मला ते माहीत होतं. मी कापड कापलंच नव्हतं, माया होती तशी आत होती.

टाचण्या तोंडात धरून मी कंबर सैल करत होते, तेवढ्यात गुरुप्रसाद आला. आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. पण सवय जात नाही. दाराला टेकून, टॅम्सिनकडे बघून गोड हसत, मराठीत म्हणाला, “हिनेही खोटंच लिहिलंय वाटतं. आत्ताच एवढी, तर सहा महिन्यांनी काय होईल? वरचे लोक हिलाही ठेवणार नाहीत. जास्त सैल करू नका, ताई.”

या वेळी त्याने एकही आकडा उच्चारला नाही. तेवढं तो शिकला होता.

मी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. इंग्लिशमध्ये त्याला म्हटलं, “सर, ती इथेच उभी आहे. तिला कळेल असं बोला.”

तो हसायचा थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. यल्ला, काम चालू द्या, असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. जूनला अजून महिना आहे.

टॅम्सिनने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, “काय म्हणत होता?”

मी सांगितलं. जे म्हणाला ते सगळं, शब्दाला शब्द. तिचा चेहरा पडला. पडू दे. मग मी तिला श्वास सोडायला सांगितला आणि परत टेप लावला.